तलावाकाठचा मुक्काम: आधी रात्री दोनचा विचार करा



पाऊस सरत आला की दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रांगेत एक वेगळा प्रश्न ऐकू येऊ लागतो. "डॉक्टरसायेब, पोट्टे चिखलदऱ्याले तंबूत राहाले चालले, मले बी चाल म्हनतात. जाऊ का नाई?" विचारणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची, बीपी-शुगरची गोळी सुरू असलेली. आणि शेजारी उभा असलेला मुलगा मला डोळ्यांनी खुणावत असतो, की साहेब, तुम्हीच नाही म्हणा.

मी बहुतेक वेळा 'जा' म्हणतो. का म्हणतो आणि कोणत्या अटींवर म्हणतो, ते आज लिहितो.

आपला जऊळका-मालेगावचा भाग उन्हाळाभर तापतो. जून उजाडला की पेरणी, मग निंदण, फवारणी. वर्षातून दोन दिवस उंचावर, थंड हवेत, पाण्याच्या काठी घालवावेत असं कुणालाही वाटेल. आपल्याला जवळ म्हणजे चिखलदरा. अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट. उंची सुमारे १,१०० मीटर. शक्कर तलाव आहे, कालापाणी तलाव आहे, गाविलगड आहे. ज्यांना लांब जायला जमतं ते अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याला जातात. तिथे प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण आहे, त्याचा आर्थर जलाशय आहे आणि समोर कळसूबाईची रांग. पुण्या-मुंबईकडची मंडळी पवना धरणाच्या काठावर तंबूत राहतात. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून चाकांवरच्या घरात मुक्काम करण्याची चर्चाही आपल्याकडे सुरू झाली. तंबू असो, लाकडी कॉटेज असो की कॅराव्हॅन, हौस वाईट नाही. माझी तक्रार आहे ती नियोजनाबद्दल.

नियोजन फक्त दिवसाचं होतं

सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. निघायची वेळ, कोणते पॉइंट, नाश्ता कुठे, रात्री काय भाजायचं, स्पीकर कोण आणणार, सगळं ठरलेलं असतं. रात्री अकरा ते पहाटे पाच या सहा तासांबद्दल एक अक्षर नसतं. जणू त्या वेळेत सगळे गाढ झोपणारच आहेत.

आणि नेमकी हीच वेळ अवघड असते. अंधार असतो, थंडी असते, माणसं थकलेली असतात, काहींनी घेतलेली असते, मोबाइलला रेंज नसते. घरी असताना छातीत दुखलं तर शेजारी धावून येतो, गावात कुणाची गाडी मिळते. तलावाकाठी तुमच्या तंबूशेजारी दुसऱ्या गावचा तंबू असतो.

म्हणून माझं सांगणं असं, की जागा बुक करण्याआधी रात्री दोनची परीक्षा घ्या. रात्रीचे दोन वाजलेत असं समजा आणि या पाच प्रश्नांची उत्तरं द्या:

१. आई-बाबा लघवीला उठले तर संडास किती पावलांवर आहे, वाटेत उजेड आहे का?

२. कुणाला त्रास झाला तर फोन लागतो का? कुठे उभं राहिलं की लागतो?

३. गाडी कोण चालवणार? त्या माणसाने त्या रात्री एक थेंबही घेतलेला नसेल ना?

४. सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, तिथे रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस आहे का?

५. त्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता रात्री खुला असतो का? मेळघाटसारख्या वाघांच्या जंगलाशेजारी जाताना हे वन विभागाच्या नाक्यावरच विचारून घ्या.

चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, घाट उतरल्यावर अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. भंडारदऱ्याजवळ राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. निघण्याआधी तिथे फोन करून चौथ्या प्रश्नाचं उत्तर घ्या, नंबर कागदावर लिहा. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि ती बोलावलीच पाहिजे, पण डोंगरात तिला यायला वेळ लागू शकतो, हे गृहीत धरून आपली गाडी तयार ठेवा. गाडी बाहेर काढता येईल अशी, म्हणजे तिच्यामागे चार गाड्या अडकलेल्या नसतील अशी लावा.

पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर जागा बदला. सहल रद्द करायची गरज नाही.

जमिनीवर झोपू नका

आपल्याकडे चार विषारी साप महत्त्वाचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यातली मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावली तरी बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. माणूस पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, रात्रीचं मटण बाधलं.

तंबूत किंवा कॉटेजमध्ये उघड्यावर झोपलेल्या कुणाला पहाटे पोटदुखीबरोबर डोळे उघडायला त्रास होत असेल, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून रुग्णालय गाठा. पट्टा आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका. औषध एकच आहे, सर्पविषावरची लस, आणि ती रुग्णालयातच मिळते.

बचाव सोपा आहे. खाट मागा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. खाट मिळत नसेल तर पूर्ण चेन लागणारा, तळ शिवलेला तंबू घ्या आणि चेन संध्याकाळपासूनच बंद ठेवा. खरकटं तंबूजवळ टाकू नका. त्याला उंदीर येतात, उंदरामागे साप येतो. बूट घालण्याआधी झटका, विंचवासाठीही हे लागू आहे. आणि बाहेर पडताना हातात बॅटरी हवीच. मोबाइलचा उजेड पायाखाली पुरत नाही.

सत्तरीच्या पुढच्या माणसाला मी तंबूची शिफारस करत नाही. वाकून आत जा, जमिनीवरून उठा, अंधारात तंबूच्या दोऱ्या ओलांडा, यात खुब्याचं हाड मोडायला एक ठेच पुरते. त्यांच्यासाठी संडास जोडलेली खोली घ्या. मुलांनी तंबूत राहावं, आजी-आजोबांनी शेजारच्या खोलीत. प्रोस्टेटची किंवा बीपीची गोळी सुरू असणाऱ्यांना झटकन उभं राहिलं की चक्कर येते. रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेवर बसा, मग उभे राहा.

शेगडी आत नेऊ नका

डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याचा पारा रात्री कधी कधी दहाच्या खाली जातो. मग कुणीतरी भाजणं संपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी तंबूत आणतं, 'ऊब राहील' म्हणून. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतं. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो, त्याला गुदमरल्याचं कळतही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळच्या आठ पर्यटकांचा एका रात्रीत मृत्यू झाला. त्यात चार मुलं होती. थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद करून त्यांनी खोलीत गॅसचा हीटर लावला होता.

तंबू, बंद खोली, गाडी, कॅराव्हॅन यांत कोळसा, गॅस हीटर किंवा इंजिन सुरू ठेवून झोपायचं नाही. जनरेटर असेल तर तो लांब आणि वाऱ्याने धूर तंबूकडे येणार नाही अशा बाजूला हवा. एकाच तंबूतल्या दोघा-तिघांना एकदमच डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग रुग्णालयात न्या. उबेसाठी स्वेटर, कानटोपी, मोजे आणि दोन ब्लँकेट पुरतात.

'दोन घोट घेतले की थंडी पळते' हाही गैरसमज. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जाते.

जेवण अकरा वाजता, गोळी आठ वाजता

मधुमेह असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. घरी आठला गोळी, साडेआठला भाकरी, असा नेम असतो. सहलीत आठला गोळी घेतली जाते, आणि शेकोटी, गाणी, भाजणं यात ताट वाढायला अकरा वाजतात. दिवसभर चालणंही रोजच्यापेक्षा जास्त झालेलं असतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अशा वेळी धाडकन उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. आणि शेकोटीभोवती सगळ्यांना वाटतं, याने जास्त घेतली.

नियम असा: जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नका. मधुमेही माणसाला आठलाच जेवायला वाढा, बाकीच्यांनी हवं तर बारापर्यंत भाजत बसावं. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. त्रास झाला तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, कमीच असेल तर पुन्हा द्या आणि नंतर जेवू घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, रुग्णालयात न्या.

इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर उन्हाने वाया जातं आणि बर्फाला चिकटून ठेवलं तर गोठून वाया जातं. ओल्या फडक्यात गुंडाळलेला छोटा माठ किंवा थंड पिशवी चांगली. बर्फ ठेवलाच तर इन्सुलिनला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. औषधं दोन दिवसांची नव्हे, चार दिवसांची घ्या. घाटात दरड कोसळली तर मुक्काम वाढतो. आणि प्रवासात सारखं थांबावं लागतं म्हणून लघवीची गोळी परस्पर बंद करू नका. हृदय कमजोर असलेल्या माणसाला ते महागात पडतं. गोळीची वेळ बदलता येते का, हे आधी विचारा.

'उंचीमुळे दम लागला'

हे वाक्य मला काळजीत टाकतं. उंचीचा खरा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. चिखलदरा सुमारे १,१००, आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यातल्या कोणत्याही तलावाकाठी हवा विरळ आहे म्हणून दम लागत नाही. लागला, तर तो हृदयाचा, फुप्फुसाचा, रक्त कमी असल्याचा किंवा नुसता चालायची सवय नसल्याचा. बसल्यावर दहा मिनिटांत शांत होत नसेल, छातीवर दाब येत असेल, घाम येत असेल, तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजत बसू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, वर जड जेवण झालेलं असतं. गाडी काढा. ज्यांना हृदयाचा आजार आहे त्यांनी ॲस्पिरिन आणि जिभेखालची गोळी कधी घ्यायची हे आपल्या डॉक्टरांकडून निघण्याआधी लिहून घ्यावं.

लडाखचं गणित वेगळं. आपल्याकडची मंडळी हल्ली विमानाने थेट लेहला उतरतात. लेह सुमारे ३,५०० मीटर, आणि पँगाँग तलाव ४,२०० मीटरहून उंच. तिथल्या तंबूत पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्काम करणं मला मान्य नाही. लेहमध्ये किमान दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी, दारू बंद. डोकेदुखी आणि उलटी सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागला किंवा तोल गेला तर रात्र असली तरी खाली उतरायचं. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर तिकीट काढण्याआधी तपासणी करून घ्या.

पाणी: बघायचं, प्यायचं, उतरायचं

धरणाच्या जलाशयाचा काठ उथळ दिसतो, पण बुडालेलं शेत, नाल्याचा खड्डा, गाळ हे वरून दिसत नाही. दोन पावलांत कमरेवरचं पाणी गळ्यावर येतं. पोहणाऱ्याचाही पाय गाळात रुततो. दारू घेतलेल्याने पाण्यात उतरायचं नाही आणि अंधार पडल्यावर कुणीच उतरायचं नाही. लहान मूल पाण्याजवळ असेल तर हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. नावेत बसताना लाइफ जॅकेटची पट्टी लावलेली हवी, मांडीवर ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. कुणी बुडत असेल तर उडी मारू नका. दोर, साडी, रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर उलटा टांगू नका, पोट दाबू नका, लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब सुरू करा.

पिण्यासाठी तलावाचं किंवा झऱ्याचं पाणी 'नैसर्गिक' म्हणून चालत नाही. त्यातून कावीळ, टायफॉइड, हगवण होते. घरून कॅन न्या किंवा पाणी खळखळून उकळा. गरोदर बाईला काविळीचा एक प्रकार जिवावर बेतू शकतो, तिच्यासाठी हे दुप्पट पाळा.

परत आल्यावर तीन आठवडे

सहल घरी पोहोचल्यावर संपत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे आणि विदर्भात इतरत्र स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले, काही दगावले. गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने हा आजार होतो. चावलेलं कळत नाही. आठवडा ते तीन आठवड्यांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत, कमरेवर विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसू शकतो. वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. मलेरिया आणि लेप्टोच्या तापालाही असेच दिवस लागतात. म्हणून सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा: "आम्ही गवतात तंबू ठोकून राहिलो होतो." आम्हाला डाग शोधायचं सुचतं ते या वाक्यामुळे.

शेवटचं मत

मुक्कामाची जागा चालवणाऱ्यांकडून आपण स्विमिंग पूल, डीजे, अमर्याद जेवण मागतो आणि तेच मिळतं. खाट, मच्छरदाणी, संडासापर्यंत दिवे, लाइफ जॅकेट, जवळच्या रुग्णालयाचा नंबर लिहिलेली पाटी, रात्री जागा राहणारा एक माणूस हेही मागा. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या वेळी पाटी लागलेली असते.

आणि वयस्कर माणसांबद्दल. 'तुला झेपणार नाही' म्हणून आईला घरी ठेवलं की ती सुरक्षित राहते, असं मला वाटत नाही. दोन दिवस ती एकटी, गोळ्यांची आठवण करून देणारं कुणी नाही, स्वयंपाक एकटीसाठी म्हणून अर्धपोटी. त्यापेक्षा तिच्यासाठी एक खोली जास्तीची घ्या, सहलीचा वेग थोडा कमी करा, एक पॉइंट गाळा. बीपी-शुगर ताब्यात असेल, रोजचं चालणं होत असेल, गेल्या काही महिन्यांत छातीत दुखलेलं नसेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी तपासून घ्या आणि तिला न्या. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, पायांवर सूज असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन.

घरातल्या वहीचा एक कागद फाडा. त्यावर प्रत्येकाचं नाव, आजार, गोळ्या आणि त्यांच्या वेळा, ॲलर्जी, रुग्णालयाचा नंबर आणि रात्री गाडी चालवणाऱ्याचं नाव लिहा. एक प्रत गाडीत, एक आईच्या पिशवीत. हा कागद तयार झाला की मग जागेचे पैसे भरा.